कंपायलरला न सांगितलेली मेमरी

किन्हीराजाला, आमच्या गावी, घरी बसून मी एका कंपनीचं काम करते. मोबाइलवरून मेसेज पाठवला की विहिरीवरचा पंप चालू-बंद करणारं यंत्र असतं, त्याचं सॉफ्टवेअर लिहिते. चाचणीचं यंत्र आमच्याच विहिरीवर बसवलं होतं. एका सकाळी मी 'बंद' पाठवलं आणि पंप चालूच राहिला. आईच्या लक्षात येईपर्यंत हरभऱ्यात घोटाभर पाणी साचलं. तिनेच पळत जाऊन स्टार्टर पाडला.

मीटिंगमध्ये आमचे सीनियर सगळ्यांसमोर म्हणाले, की गावातली वीज आणि माझा कोड, दोन्हींचा भरवसा नाही. चूक माझ्या नावावर नोंदवली गेली. त्याचा राग अजून जात नाही.

आम्ही लिहिलेला कोड कंपायलर यंत्राला कळणाऱ्या सूचनांमध्ये, म्हणजे असेंब्लीत, उतरवतो; तीन दिवस मी ते असेंब्ली ओळ न् ओळ वाचलं. आलेला मेसेज 'बंद'शी ताडून पाहणारं फंक्शन सीनियरांनीच पूर्वी इनलाइन असेंब्लीत, म्हणजे कोडच्या मध्येच हाताने यंत्राच्या सूचना घालून, लिहिलेलं होतं. त्यात कंपायलरला मेसेजचा नुसता पत्ता दिला होता. त्या पत्त्यावरची अक्षरं इथे वाचली जाणार आहेत, हे कुठेच सांगितलं नव्हतं. ते सांगायला मेमरी ऑपरंड द्यावा लागतो. एका ओळीचं काम. तो नव्हता, म्हणून ऑप्टिमायझेशनमध्ये, म्हणजे कोड वेगवान करताना, कंपायलरने नवा मेसेज मेमरीत लिहिण्याचं काम तुलनेच्या मागे ढकललं. ताडून पाहिला जात होता तो आधीचाच मेसेज, 'चालू'. कंपायलरचं काहीच चुकलं नव्हतं. माझंही नाही.

आईने विचारलं, "काहून एवढी चिडून राह्यली?"

मी सगळं सांगितलं. अर्धं तिला कळलं नसेल, पण ती म्हणाली, "मंग त्याले सांगत काहून नाही?"

मी फोन लावला. सीनियर म्हणाले, इतकी वर्षं हेच चालत आलंय, तू ऑप्टिमायझेशन बंद ठेव.

"सर, त्याने तुमची चूक झाकली जाते, दुरुस्त होत नाही."

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती एक ओळ कोडमध्ये आली. त्यांच्या नावाने, आणि सोबत टीप: 'किरकोळ साफसफाई'. माझ्या नावावरची नोंद मात्र तशीच. मी मॅनेजरला आधीचं आणि नंतरचं असेंब्ली शेजारी शेजारी लावून मेल केलं, नोंद बदला असं लिहिलं. उत्तर आलं, आता चाललंय ना, विषय वाढवू नकोस.

विषय मी वाढवलेला नाही. दर सोमवारी तीच मेल पुन्हा पाठवते, एक शब्दही न बदलता.