तिसऱ्या कडव्यातला ठोका

चिंचणीहून मी निघालो तेव्हा बाबा मला एसटीपर्यंत सोडायला आले, तेही हातात क्लॅरिनेट घेऊन. लग्नाची सुपारी घेतलेली, त्यामुळे घाईत होते. चिकूची वाडी सांभाळून ते गावचा ब्रास बँड चालवायचे. मला मात्र लग्नात ढोल बडवायचा नव्हता, मुंबईला जाऊन रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे होते. ते एवढंच बोलले, "जा. पण ज्या गाण्यावर लोकं नाचत नाय, ते गाणंच नाय."

साठच्या दशकातली गोष्ट. केस वाढवलेली आम्ही चार पोरं, आणि आमची एकुलती एक तबकडी निघाली, सिंगल म्हणतात तसली, दोन बाजूंना दोन गाणी. पहिल्या गाण्याची चाल माझी. स्टुडिओ जेमतेम दोन तास मिळालेला. तिसऱ्या कडव्यात घामाने माझ्या हातातली काठी सटकली आणि एक ठोका गेला. सगळे क्षणभर अडकले, मग पुन्हा सुरू. मी म्हटलं, परत घेऊ. काचेमागचा साहेब म्हणाला, "चलेगा, कौन सुनता है!" आणि खरंच कोणी ऐकलं नाही. रेडिओवर एकदा लागली, दुकानांत धूळ खात पडली, बँड मोडला. मी इंग्लंड गाठलं, लेस्टरमध्ये बस चालवली, आता पेन्शन खातोय.

एक तबकडी घरी पाठवली होती. बाबांचं कार्ड आलं, "तबकडी पोचली. फुटली नाही. यंदा चिकू बरा आहे." बस्स! अहो, गाण्याबद्दल एक शब्द नाही? तो राग असा धरून बसलो की ते गेले तेव्हाही आलो नाही. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही मला नावं ठेवली असतील. ठेवा.

या वर्षी पुतणीच्या मुलाच्या लग्नाला आलो. चिंचणीजवळच्या दांडी गावात हळद होती. डीजे यायच्या आधी ब्रास बँड सुरू झाला आणि माझ्या हातातला चहा धोतरावर सांडला. माझी चाल! आईशप्पथ, माझीच! सगळा मांडव तिच्यावर नाचत होता. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आमची जुनी हळदीची चाल हाय ही. ही वाजल्याबिगर नवऱ्याला हळद लागत नाय."

उठलो आणि ढोलवाल्याच्या हातातून काठीच घेतली. त्या गेलेल्या ठोक्याची लाज साठ वर्षं बाळगलेली, म्हटलं निदान इथे तरी नीट वाजवू. तिसरं कडवं आलं, मी ठोका अगदी जागेवर दिला, आणि मांडवात नुसता गोंधळ! सगळ्यांचा एकेक पाय वर, टेकवावा कधी ते कळेना. दोघीजणी एकमेकींवर आदळल्या. पुतणी खेकसली, "काका, काय केलंस हे! इथं थांबायचं असतं!"

थांबायचं असतं? बँडमधला म्हातारा काशिनाथ माझ्या बरोबरीचा, बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने तोंडातला ट्रम्पेट काढला.

"तुजा बाप ती तबकडी नाक्यावरच्या हॉटेलात नेऊन रोज लावायचा. तिथंच आमाला चाल शिकवली. मी बोललो, मास्तर, इथं एक ठोका कमी हाय, भरून काढू. काय चिडला! बोलला, माजा पोर वाजवतो तसंच वाजवायचं."

"मग मला कोणी सांगितलं का नाही रे?"

"तू आलास कवा?"

कप्पाळ माझं! बँडला परत वाजवायला सांगितलं. तिसऱ्या कडव्यात काठी वर धरली आणि थांबलो. मांडवातला एकेक पाय माझ्यासाठी वर थांबला. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पुसायला हात मोकळा नव्हता.

घर कुठलं असं कोणी विचारलं की मी लेस्टरचा पत्ता सांगत आलो. आता काय सांगू? माझी चूक या लोकांनी साठ वर्षं नाचून नाचून जपली, आणि मी एका कार्डावर रुसून बसलो.