नमुना गाडीपुढचं गाऱ्हाणं

अलोरेकरांनो, डायलिसिससाठी चिपळूण गाठायला आपल्याला अजून दुसऱ्याच्या गाडीची वाट बघावी लागते.

आज गावात विजेवरची व्हॅन दाखवायला आणली होती. तिचा सांगाडाच विजेसाठी घडवलेला. बॅटरी तळाशी, म्हणून आतली जमीन सपाट आणि चाकाची खुर्ची सरळ आत जाते. शेजारच्या भिकूकाकांना वाटलं, गाडी गावाला मिळाली. त्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, माझ्या सुनेला वेळेत पोचव."

कंपनीचा माणूस हसला. "काका, हा फक्त नमुना. विक्रीला नाही."

"मग नारळ ठेवताना तोंड शिवलं होतं काय रे तुझं?"

व्हॅन ट्रकवर चढवून नेली. सून खुर्चीतच बसून राहिली. उद्या तिचं डायलिसिस आहे.

सोमवारी ग्रामसभेला या आणि रुग्णांसाठी गाडी घेण्याच्या ठरावाला हात वर करा.