वाचक एक, बाकी बसलेले

आमच्या पेठेतल्या वाचनालयात सगळ्यात मोठा आवाज अक्कांचा होता, आणि त्या नेमक्या 'शांतता राखा' या पाटीखाली बसायच्या. कोणी पाटीकडे बोट दाखवलं तर म्हणायच्या, "ज्यांना गप्प बसता येतं त्यांच्यासाठी आहे ती. त्यांनी राखावी."

अक्का अमळनेरकडच्या. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये झाली. निवृत्त होऊन धुळ्यात आल्या, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. रोज दुपारी त्या या छोट्या शाखेत मोठ्याने वाचत. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरीचं एक प्रकरण. ऐकायला मिरची कांडप चालवणाऱ्या शेवंताबाई, मोतीबिंदूने जेरीस आणलेले एसटीचे जुने ड्रायव्हर आबा, बाजार समितीतले हमाल, पाटी रिकामी करून आलेल्या भाजीवाल्या. कादंबरीत कोणी मेलं की शेवंताबाई डोळे पुसायच्या आणि दोष अंगावरच्या तिखटाला द्यायच्या.

अक्का मध्येच थांबून जाब विचारत. "या सासऱ्याने बरोबर केलं का? बोला आबा."

"चढावर गाडी न्यूट्रलला टाकली त्याने," आबा म्हणायचे.

मग भाजीवाल्या सासऱ्याच्या बाजूने उठायच्या आणि वाचन बाजूला राहायचं. मीही त्यांच्यात बसायचे; मोर्चे आणि पत्रकं हे माझं काम. एकदा मी वैतागले, तेव्हा अक्का म्हणाल्या, "एकट्याने वाचलं की माणूस स्वतःलाच मान डोलावतो. चारचौघांत वाचलं की कोणीतरी अडवतं. अडवायला पाहिजे."

शाखा चालवणाऱ्या संस्थेचे कार्यवाह एका दुपारी पाहणीला आले. दारात उभे राहिले. अक्का थांबल्या नाहीत. वाक्याच्या मध्येच "भाऊ, बसा, नाहीतर उजेड सोडा" म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या. कार्यवाह बसले नाहीत. त्यांचा अहवाल आला, त्यात लिहिलं होतं: शाखेत वाचक एक, बाकी बसलेले. सबब शाखा बंद करावी, पुस्तकं मुख्य वाचनालयात हलवावीत, खोली दुकानाला द्यावी.

मुख्य वाचनालय मी पाहिलंय. स्पर्धा परीक्षेची पोरं तिथे माना खाली घालून बसतात. त्यांना शांतता लागते, ती त्यांना मिळावी, माझं काही म्हणणं नाही. पण शेवंताबाईंनी तिथे जाऊन काय करायचं? पुस्तक हातात धरून त्याचं वजन बघायचं? आमची शाखा गेली की या माणसांचं वाचन गेलं. कार्यवाहांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना ते मोजायचंच नव्हतं.

मी रागाने पत्रक लिहिलं. 'ज्ञानाची कवाडे बंद करू पाहणाऱ्या प्रतिगामी प्रवृत्तींचा जाहीर धिक्कार!' अक्कांनी ते माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलं. दुसऱ्या परिच्छेदाला शेवंताबाईंची मान कलली.

"झोपली ती," अक्का म्हणाल्या. "तुझ्या क्रांतीने तिला गुंगी येते. हाई कोनले समजस? काय झालं ते सांग ना."

मी पुन्हा लिहिलं. 'साहेब आले. त्यांनी वाचणारी एक बाई मोजली. ऐकणारी माणसं मोजली नाहीत. आम्ही स्वतःला मोजून द्यायला संस्थेच्या बैठकीला जातोय, तुम्हीही या.' हे वाचल्यावर शेवंताबाई पदर खोचून म्हणाल्या, "कधी जायचं?" तेव्हापासून माझं एकही पत्रक कोणाला तरी ऐकवल्याशिवाय छापायला जात नाही. कोणी जांभई दिली की मी ते वाक्य फाडते.

सगळे मिळून संस्थेच्या बैठकीला गेलो. कार्यवाह म्हणाले, "मॅडम, ऐकणारे म्हणजे वाचक नव्हेत." मग लिपिकाला म्हणाले, "अहवाल वाचून दाखवा." लिपिकाने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. अक्का हात बांधून उभ्या होत्या.

"आत्ता हा अहवाल कोणी वाचला?" त्यांनी विचारलं.

"यांनी. आमच्या लिपिकांनी."

"तुम्ही?"

"मी ऐकला."

"मग तुम्ही नुसते बसलेले. ठरवायचं काय ते आता यांना ठरवू द्या."

लिपिक खिडकीबाहेर बघायला लागला. आबा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. विषय पुढे ढकलला गेला. पुढे ढकलणं म्हणजे जिंकणं नव्हे, हे मला ठाऊक होतं, अक्कांनाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "चला, आजचं प्रकरण राहिलंय."

मागच्या उन्हाळ्यात अक्का झोपेतच गेल्या. त्यांचे दिवस होतात न होतात तोच संस्थेचं पत्र आलं. वर शोक व्यक्त केला होता. खाली लिहिलं होतं की शाखेतील एकमेव वाचक दिवंगत झाल्याने शाखा बंद करण्यात येत आहे. मी आयुष्यात पुष्कळ संतापले आहे, तो माझा धंदाच आहे. पण या वेळी पत्रक लिहिलं नाही, कादंबरी उचलली आणि शाखेत गेले.

शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा मी पाटीखाली बसून वाचत होते. माझा आवाज अक्कांच्या निम्माही नाही. आबा पुढे सरकून बसले होते.

"ताई, मला वरून सांगितलंय," शिपाई म्हणाला.

"तुला वरून सांगितलंय, आम्हाला अक्कांनी," शेवंताबाई म्हणाल्या. "वाचन चालू शे. संपलं की लाव. बस."

तो बसला. प्रकरण संपलं, मी पुढचं काढलं. ते संपलं, त्याच्या पुढचं. कोणी उठेना. शेवटी त्याची घरी जायची वेळ झाली, तो कुलूप पिशवीत टाकून निघून गेला.

माझा घसा पार बसला होता. शेवंताबाईंनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "उद्या लवकर ये, पोरी. तो सकाळीच येईल."