मेंढरं बसायची ती जागा

शाळेत पोरांनी खोटं बोललेलं मला खपत नसे. त्यापायी मी छड्याही मारल्यात. म्हणून हे लिहायला हात धजत नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी निमगाव केतकीला शाळेवर मास्तर होतो, राहायला निरवांगीत. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडिलांनी ती विकून शेती धरली, मी खडू धरला, आणि धाकट्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, तेवढा कळप राखला. दसरा झाला की ते कोकणाच्या वाटेला लागत आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी येत.

घरामागं, ओढ्याच्या वरच्या अंगाला, वाटणी न झालेला दहा गुंठ्यांचा मुरमाड उंचवटा होता. सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘पड’. वर नुसती कुसळं आणि तरवड. चहूकडं ऊस आणि युरियाच्या गोण्या, आणि मला त्या साली सेंद्रिय शेतीचं खूळ लागलेलं. दिवाळीच्या सुट्टीत मी ती पड मोडली, पालापाचोळा कुजवून घातला, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. विहिरीचं पाणी घागरीनं घालून वांगी, मिरच्या, दोडके लावले. मधोमध कागदी लिंबाचं एक रोप.

बाग अशी काही तरारली की लासुर्ण्याचा एक ऊसवाला मुद्दाम बघायला आला. वांगं हातात तोलत म्हणाला, “गुरुजी, खरं सांगा, कुठलं खत मारलंय?”

“निव्वळ पालापाचोळा,” मी म्हणालो आणि हरभऱ्याच्या झाडावर चढलो, तो काही उतरलो नाही.

खणताना ओंजळी भरभरून जुन्या लेंड्या निघाल्या होत्या. त्या मला दिसल्या नाहीत असं नाही. वर्षानुवर्षं पावसाळाभर तात्यांची मेंढरं तिथंच बसत आली होती, आणि मातीत जो काही जीव होता तो त्यांचा होता. पड होती ती फक्त कागदावर. मी मात्र आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलो.

जूनमध्ये तात्या आले. घोड्यावर बिऱ्हाड, मागं कळप, डालग्यात नुकती जन्मलेली कोकरं. कुंपणापाशी ते उभे राहिले आणि बराच वेळ आत बघत राहिले.

“बाग झ्याक केलीस की रं,” ते म्हणाले.

त्या वेळी कुंपणाची एक बाजू मोडायला हवी होती. वांगी उतरतीलाच लागली होती. पण येत्या रविवारी मी हेडमास्तरांना आणि चार शिक्षकांना बाग बघायला बोलावलं होतं. मी म्हणालो, “तात्या, रविवारपतूर वढ्याकडंला बसवा मेंढरं. मग करू कायतरी.”

“तितं पाणी साचतंय. कोकरं बारकी हायती.”

“चारच तर दिस हायती.”

त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. कळप वळवून खालच्या काळ्या रानात नेला. आमच्याकडं पाऊस तसा नावालाच, पण त्या आठवड्यात तीन दिवस लागून राहिला. खाली चिखल झाला. मी खिडकीतून बघत होतो. जाऊन बोलवावं असं रोज वाटे, आणि रोज मी रविवार मोजत बसे.

रविवारी पाहुणे आले. मी त्यांना पाला कसा कुजवायचा ते समजावत होतो, तेवढ्यात तात्या कुंपणापाशी आले. खांद्यावरच्या घोंगडीत मेलेलं कोकरू होतं.

“दोन गेली,” ते मला म्हणाले. “ह्ये तुज्या लिंबाखाली पूर. वाया नगं जायाला.”

हेडमास्तरांनी विचारलं, “हे कोण?”

तात्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. माझा शर्ट इस्त्रीचा. मी म्हणालो, “मेंढपाळ आहेत. ओढ्याला उतरलेत.”

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हेडमास्तरांना हात जोडून म्हणाले, “व्हय सायेब. उतरलोय वढ्याला.”

कोकरू कुंपणाच्या आत ठेवून ते गेले. माझं खोटं त्यांनी स्वतःच्या तोंडानं खरं करून दिलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरीही मी पाहुण्यांना पिशव्या भरभरून वांगी दिली. संध्याकाळी कोकरू लिंबाखाली पुरलं आणि कुंपण उपसून टाकलं. तोवर तात्यांचं बिऱ्हाड हललं होतं.

पुढच्या पावसाळ्यात कळलं की ते लासुर्ण्याला त्याच ऊसवाल्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. मी सायकल काढून गेलो. काकू चुलीपाशी होत्या, त्यांनी घोंगडी अंथरून दिली. तात्या एका मेंढीचा खूर साफ करत बसले होते.

“तात्या, कुंपण काढलंय,” मी म्हणालो. “जागा मोकळी हाय. चला घरी. माझं चुकलं.”

ते खूर साफ करत राहिले. “हितं शब्द दिलाय आता,” ते म्हणाले. “आन् सोय बी बरी हाय.”

मी उठलो. सायकलीपाशी पोचलो तेव्हा मागून त्यांनी हाक मारली.

“लिंबू जगलं का रं?”

“जगलं,” मी म्हणालो. मागं वळून त्यांच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.