दुबईतला नवरा
नवरा सोडून गेला तेव्हा मी हडपसरच्या आमच्या गल्लीत ठोकून दिलं, साहेब दुबईला गेलेत. बाई एकटी आहे म्हटलं की घरमालकापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना तिची भारी काळजी वाटायला लागते. ती मला नको होती. चार वर्षं मी त्याला दुबईत ठेवलं. दिवाळीला नवी साडी नेसले की "तिकडून पाठवली" म्हणायचे. घेतलेली असायची तुळशीबागेत.

पण शिवणकामावर दोघींचं भागेना. लेक नववीत. भाऊ म्हणाला, पोरीला गावी धाड. गावी शाळा सातवीपर्यंत, पुढे काय होतं ते मला कुणी सांगायला नको. म्हणून टाकलेल्या बायकांना सरकारी पगार मिळतो, त्याचा अर्ज केला. तो मिळाला तर भाड्याला हातभार लागणार होता आणि लेक माझ्याजवळ राहणार होती. कचेरीतली खिडकीवरची बाई म्हणाली, "चौकशीला माणूस येईल. नवरा नांदवत नाही, असा दोन शेजाऱ्यांचा जबाब लागेल."

घ्या! हात दाखवून अवलक्षण. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? रोज सांगायचं ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं. शेवटी तो माणूस एका सकाळी येऊन थेट शेजारच्या काकूंच्या दारात उभा राहिला. "यांचे मिस्टर कुठे असतात?"

मी मान खाली घातली. संपलं, म्हटलं.

"अहो, कसली दुबई!" काकू म्हणाल्या. "पहिल्याच महिन्यात कळलं होतं आम्हाला. हिला सांगायचं नव्हतं, आम्ही विचारलं नाही. कुठे सही करू?"

समोरच्या वहिनी पदराला हात पुसत आल्या. दोन सह्या पुरतात म्हटलं तरी तिसऱ्या घरातल्या आजींनी अंगठा दिलाच. वर काकू मला म्हणतात, "साडी तिकडची सांगायची तर दुकानाची पिशवी तरी लपवायची हो!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग एवढं हलकं वाटलं की तिथेच उंबऱ्यावर बसून रडले.

पगार मंजूर झाला. भावाला फोन करून सांगितलं, पोरगी इथेच शिकणार. लेक बाजूला उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता उड्या मारील.

ती म्हणाली, "आई, मग शाळेत आता खरं सांगितलं तर चालेल?"

चार वर्षांत तिला हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. "चालेल," म्हणाले, आणि तिला जवळ घेतलं.