व्याह्यासमोरचा ट्रे

गेल्या दिवाळी अंकात माझी एक कथा छापून आली. साहेबाच्या बंगल्यावर राबणारा शिपाई साहेब निवृत्त होताना त्याचे पाय धरून रडतो, अशी. लोकांना आवडली. ज्याच्यावरून ती लिहिली, तो महिन्याभरात अल्लीपूरहून माझ्या वर्ध्याच्या घरी आला. हातात अंक होता.

"मी कधी रडलो, साहेब?"

"कथा आहे ती. थोडं इकडचं तिकडं करावं लागतं."

"सून वाचून हासून राह्यली. म्हनते, मामाजी, तुमी लय पाय धरत होते म्हने. तिले काय सांगू?"

सांगायचे ते मीच सांगतो.

तो हजेरी कार्यालयात लावायचा आणि काम माझ्या घरी करायचा. आम्हा अधिकाऱ्यांत तशीच रीत होती. भाजी आणायची, कुत्र्याला आंघोळ घालायची, पाहुणे आले की पांढरा गणवेश आणि छातीवर पट्टा. एकदा नाचणगावची मंडळी कामासाठी बंगल्यावर आली. त्यांत त्याच्या मुलीचा सासरा होता. लग्न नुकतेच झालेले.

"साहेब, आज ट्रे दुसऱ्याच्या हाती द्या," तो स्वयंपाकघरात म्हणाला. "इवाई हायेत."

ड्रायव्हर बाहेर रिकामाच बसला होता. तरी मी म्हणालो, "पट्टा नीट कर आणि बाहेर ये."

तो आला. व्याह्याने त्याला पाहिले, कप उचलला नाही, मान खाली घातली. याने ट्रे माझ्यासमोर ठेवला, पट्टा काढला आणि व्याह्याशेजारी सोफ्यावर बसला.

"घ्या, इवाई. आज चहा साहेब देऊन राह्यले."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी कप वाटले. त्याच आठवड्यात त्याची बदली दूर, जाम गावाच्याही पलीकडे केली. मी निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभाला तो आलाच नव्हता.

कथेत मी त्याला रडवला, कारण सोफ्यावर बसलेला तो मला सोसत नव्हता. आजही सोसत नाही. मुलाकडची स्वयंपाकाची बाई फोनवर "उद्या येत नाही" एवढेच कळवते, मुलगा "बरं ताई" म्हणतो, आणि माझे डोके फिरते.

"बस ना," अंक घेऊन आलेल्या त्याला मी त्या दिवशी म्हणालो. "दुरुस्त करतो."

"बसाले नाई आलो. मी रडलो नाई, येवढं लिहा. अन् त्याच्यात माफी मागू नका. लोकाइले तुमचीच कीव येईन."

म्हणून मागत नाही. हा मजकूर त्याच अंकाच्या संपादकांकडे पाठवतो आहे.