भाईचा सुका जोड

फोन वाजला की आता काहीतरी वाईटच कानावर येणार असं मला वाटतं. शुभाला, माझ्या भाचीला, हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती आधी मेसेज टाकते, ‘आत्ये, सगळं बरं आहे, फोन करू?’ आणि मगच फोन करते. सहा आठवड्यांपूर्वी एका पहाटे मेसेज आला नाही, नुसता फोनच वाजला. मी चहाचं आधण ठेवलं होतं. त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि फोन वाजू दिला. उचलला नाही तर जे झालंय ते झालं नाही असं होईल, इतका खुळा विचार साठी उलटलेल्या मास्तरणीने करावा! दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र उचलावाच लागला. “आत्ये, बाबा गेले गो,” एवढंच शुभा म्हणाली. तिचे बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ यशवंत, आमचा भाई.

आदल्या संध्याकाळी मी इस्पितळात त्याच्याजवळ बसले होते, रात्री जवळ राहायला शुभा आली होती. न्यूमोनिया झाला होता, बोलताना धाप लागत होती. त्या खोलीतला एसी असा काही चालत होता की मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून आखडून बसले होते. भाईने माझ्याकडे बघितलं, मग खाटेखाली ठेवलेल्या त्याच्या पिशवीकडे बोट केलं. “कुमा, पिशवी उघड,” म्हणाला. मी विचारलं, तुला काय काढून देऊ? त्याने मान हलवली आणि परत तेच म्हणाला. मी घाबरले. ताप डोक्यात गेला, आता बरळायला लागला, असंच मला वाटलं. उद्या उघडते रे, तू आता पडून राहा, असं म्हणून मी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं... आणि तो उद्या काही आलाच नाही.

आम्ही मूळची पेडण्याची. गोवा मुक्तीनंतर दोन-तीन वर्षांनी भाई डिचोलीकडे आला आणि खनिज वाहून नेणाऱ्या बार्जवर खलाशी म्हणून लागला. पाळीच्या खाणींकडून ट्रक यायचे, धक्क्यावर माल ओतायचे, आणि ह्यांची बार्ज तो घेऊन नदीने खाली बंदरापर्यंत जायची. पुढे तो तांडेल झाला, बार्जवरच्या खलाशांचा म्होरक्या. निवृत्तीनंतर नार्व्याला नदीच्या काठावरच घर बांधून राहिला, वहिनी गेल्यावर एकटाच. मी डिचोलीला, मराठी शाळेत. लग्न केलं नाही. भाईची भीती वाटायची म्हणून नव्हे, सगळ्याचीच वाटायची म्हणून. लहानपणी होडीतून पलीकडे जायचं तर मी डोळे मिटून भाईचं मनगट धरून बसायची. तो म्हणायचा, माझ्या मनगटावर तुझ्या नखांचे वण आहेत, लग्नात दाखवीन तुझ्या नवऱ्याला. लग्न झालं नाही, वण तेवढे राहिले.

बार्जवर माणसाला सामान ठेवायला जागा ती किती... एक फळी आणि एक खिळा. त्या खिळ्याला भाईची कॅनव्हासची पिशवी लटकलेली असे, आणि तीस वर्षं त्या पिशवीचा एकच कायदा होता. कपडे घडी घालायचे नाहीत, घट्ट गुंडाळायचे. दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापलेला. आणि सगळ्यात तळाला, प्लास्टिकमध्ये बांधलेला एक सुका जोड. पावसाळा तोंडावर असताना एकदा नदीच्या मुखाशी वादळात सापडून ही मंडळी सबंध दिवस ओल्या कपड्यांनी वाऱ्यात कुडकुडली होती. एक माणूस तर गप्प होऊन डुलक्या घ्यायला लागला, त्याला कसाबसा जागा ठेवला, असं भाई सांगायचा. तेव्हापासून तो जोड आला. अंगावरचे कपडे भिजोत, मळोत, फाटोत, तो जोड काढायचा नाही. निजायच्या वेळी किंवा जिवावर बेतलं तरच. “सुको जोड सुकोच रवाक व्हयो,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शाळेत पाढे घेतानासुद्धा मला ते आठवायचं.

शुभा नोकरीसाठी फिनलंडला गेली आणि चार वर्षांपूर्वी तिने आम्हा दोघांना थंडीच्या सुट्टीत तिकडे बोलावलं. अगदी उत्तरेला, जिथे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही तिथे, आकाशात हिरवे उजेड बघायला. भाई लहान मुलासारखा खूश. मी मात्र पहिल्या दिवसापासून गर्भगळीत. सूर्य उगवत नाही म्हणजे काय? माणसं मरतात का तिकडे? मी माझी बॅग भरली ती अशी: दोन गोधड्या, तीन स्वेटर, सुती परकर सहा, गरम पाण्याची रबरी पिशवी, लाडू, लोणचं, कोकमाची सोलं आणि पेजेचे तांदूळ. भाई नार्व्याहून आला, बॅग उचलून बघितली, परत ठेवली, आणि सगळी खाटेवर ओतली. सोलं तेवढी राहू दिली.

मग त्याने माझी शाळा घेतली. अंगाला लागून पातळ लोकरीचं थर्मल, त्यावर उबदार बंडी, सगळ्यावर वारा अडवणारं जाकीट. जाड एकच घालायचं नाही, पातळ तीन घालायची, म्हणजे चालताना उकडलं की एक काढता येतं, कारण तिकडे घाम म्हणजे वैरी. सुती कापड अंगाला लावायचं नाही, ते ओल धरून ठेवतं. मोजे बुटांत कोंबायचे, हातमोजे दोरीने गळ्यात अडकवायचे, आणि सगळ्यात जड ते विमानात अंगावर घालून जायचं. त्यामुळे दाबोळीला विमानतळावर आम्ही दोघं जाकिटं चढवून, बर्फातले बूट घालून घामाच्या धारांत उभे, आणि लोक आमच्याकडे बघतायत. माझ्या वाट्याला तीन थर्मल आली. दोन आलटून पालटून घालायला, तिसरं सुका जोड. लोकर रोज धुवायची नसते, नुसती वाऱ्याला टांगायची, तीन-तीन दिवस तीच घालायची, असं त्याने मला दोनदा सांगितलं. मी मान डोलावली.

आता माझी गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. सकाळी उठल्यावर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय आणि धुतलेलं नेसल्याशिवाय माझ्या तोंडात पाण्याचा घोट जात नाही. आईने लावलेली सवय. निजून उठलेलं पारोसं कापड आंघोळीनंतर परत अंगावर चढवायचं, ह्या कल्पनेनेच मला शिसारी येते. तिकडे आम्ही उतरलो होतो त्या लाकडी खोपटात पहिल्या दिवशीच मी दार लावून न्हाले आणि थर्मल धुवून, भाईला दिसू नये म्हणून न्हाणीतच टांगलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. सुका जोड मी निजताना घातला होता, म्हणजे तोही पारोसाच, तिसऱ्या दिवशी तोही धुतला. तिन्हीतलं एकही धड वाळलेलं नाही. त्यातलं जे हाताला कमी गार लागलं ते मी चढवलं. आपल्याकडे पावसात चार-चार महिने आपण काय करतो? अर्धवट ओलं घालतो, ते अंगावर वाळतं. इथेही वाळेल, असं म्हटलं. केस ओलेच होते. ते अंबाड्यात गुंडाळले, वर टोपी ओढली आणि भाईला म्हटलं, चल, मी तयार आहे.

सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि बाहेर काळोख. काळोखही कसला, निळा, घुसमटवणारा. आम्ही तिघं गोठलेल्या तळ्यावरून पलीकडच्या एका मच्छीमारी खोपटाकडे चालत निघालो होतो. शुभा पुढे दिवा घेऊन, तिच्यामागे मी, आणि माझ्यामागे भाई, पाठीला ती कॅनव्हासची पिशवी. अर्ध्या तासाची वाट, तेवढ्यासाठी कशाला ती पिशवी, असं मी निघताना त्याला टोचून बोलले होते. तळ्याच्या मध्यावर वारा सुटला. आधी पाठ गार पडली, मग दात वाजायला लागले, इतके की मला जबडा धरावा लागला. पायाखाली बर्फ कडकड वाजत होता आणि त्याच्याखाली किती खोल पाणी असेल हाच विचार माझ्या डोक्यात. आई गो, आई गो, करत मी पाय टाकत होते. मग... मग दात वाजायचे थांबले. एकदम बरं वाटलं. भीतीच गेली. जन्मात पहिल्यांदा मला कशाचीच भीती वाटेना, आणि वाटलं, जरा बसावं.

मी खाली बसायला वाकले तसा भाईने माझा दंड धरला. “बसा नको गो कुमा. बसलंस काय उठूक जमाचा नाय.” त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. तो घाबरला होता. भाई घाबरलेला बघितला आणि माझी गेलेली भीती सगळी एकदम परत आली. त्याने मला ओढत, जवळजवळ उचलूनच त्या खोपटात नेलं. आत शेगडी होती पण पेटवलेली नव्हती, आणि शुभाच्या गारठलेल्या हातांनी काडी पेटेना. भाईने माझी टोपी काढली. अंबाडा त्याच्या हाताला लागला, तो लाकडासारखा कडक झाला होता. मी ओलं घातलंय का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही रे, घाम आला असेल. तशा अवस्थेतही मी खोटं बोलले. त्याने पिशवीच्या तळातून स्वतःचा सुका जोड काढून शुभाच्या हातात दिला. वरची त्याची बंडीही काढून दिली. मग तोंड फिरवून, स्वतःचं जाकीट पडद्यासारखं धरून उभा राहिला. शुभाने माझे कपडे बदलले. शेगडी पेटून ऊब यायला तासभर तरी लागला असेल, आणि तेवढा वेळ भाई एका थर्मलवर आणि जाकिटावर होता, कारण बाकीचं सगळं माझ्या अंगावर होतं.

त्या संध्याकाळी तो खोकायला लागला. दहा दिवस खोकला. गोव्यात परत आल्यावर बरा झाला, पण दर वर्षी थंडी पडली की खोकला यायचा. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर खनिजाची धूळ खाल्ली आहे ह्यांनी, त्या एका दिवसाचं काय घेऊन बसलात. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. नार्व्याला त्याच्याकडे गेले आणि तो खोकला की माझा जीव कासावीस व्हायचा. माझ्या आंघोळीने माझ्या भावाची छाती गेली, हे चार वर्षं मी मनात घेऊन फिरले. कितीदा वाटलं, सांगून टाकावं. उंडे पाव आणि चहा घेऊन आम्ही जनेलाजवळ, नदीकडच्या खिडकीशी, बसलेलो असायचो, नदीत एखादी बार्ज जात असायची, तो तिच्याकडे बघत असायचा आणि मी तोंड उघडून परत मिटायची. त्याने विषय कधी काढला नाही. शुभाला काय, कुणालाच तो बोलला नाही. त्याला काही कळलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालायची, आणि कळलं असेल तर, ह्या विचाराने घाबरायची. इस्पितळातही मी ते सांगायच्या तयारीनेच बसले होते. तेवढ्यात तो म्हणाला, पिशवी उघड.

सुतक फिटल्यावर त्याचे कपडे शुभाने वाटून टाकले. पिशवी मात्र माझ्या हातात दिली, म्हणाली, ही तू बघ, आणि फिनलंडला परत गेली. मी ती माझ्या खोलीत दारामागच्या खिळ्याला अडकवली. महिना झाला, दार पुढेमागे झालं की ती दिसायची आणि मी मान फिरवायची. आत काय असेल ह्याचीच धास्ती. त्याने माझ्याकडून काहीतरी मागितलं होतं, ते आत असेल आणि मी दिलं नाही, असं होईल. शेवटी गेल्या सोमवारी, सकाळी, आंघोळीच्या आधीच, का कोण जाणे, मी ती खाली काढली.

वर एक लुंगी, एक शर्ट, अर्ध्या दांड्याचा ब्रश. चार दिवस इस्पितळात राहायला निघालेल्या माणसाचं एवढंच सामान. तळाला प्लास्टिकमध्ये बांधलेला सुका जोड. मी गाठ सोडली. भाई धिप्पाड माणूस, आणि हे कपडे अरुंद खांद्यांचे, आखूड बाह्यांचे. बायकी. माझ्या मापाचे. लोकरीचं थर्मल, मोजे, नवे कोरे. आणि ते उचललं तर त्याच्याखाली आणखी एक, तसंच्या तसं. जो माणूस स्वतःसाठी दुसरा रुमाल घेत नव्हता, त्याने माझ्यासाठी दोन सुके जोड घेतले होते. एक अंगावर घालायला आणि एक धुवायला.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्या खोपटात अंबाडा हाताला लागला तेव्हापासून ठाऊक होतं. त्या एसीत मी आखडून बसले ते त्याने बघितलं, आणि श्वास पुरत नसताना तो मला तेवढंच सांगत होता, कपडे घाल गो. आणि मी म्हटलं, उद्या.

मी जमिनीवर बसून रडले, हे सांगायला नको. मग उठले. इस्पितळातून आलेली वस्तू, तीही मेलेल्या माणसाच्या पिशवीतली... दुसरं कुणी असतं तर मी त्याला आधी पाण्यात बुडव म्हणून सांगितलं असतं. आंघोळ झालेली नव्हती, तोंड धुतलं नव्हतं. बाहेर वैशाखाचं ऊन पडायला लागलं होतं. मी वरचा जोड उचलला आणि न धुता, पारोशा अंगावर, तसाच चढवला. घामाने निथळत जनेलाजवळ बसून राहिले. खालचा जोड प्लास्टिकमध्ये बांधून पिशवीच्या तळाला परत ठेवलाय, सुकाच.